एकोणीस किलो

बाबा सायकलवर कळमन्यापर्यंत जातात,
येताना पिशवीत आंबट संत्री. तक्रार नाही.
पायी मात्र गोळीबार चौक ते मस्कासाथ म्हणजे चार थांबे:
विजेचा खांब, रंगारी, बंद पडलेली विणकर सोसायटी,
आणि ते सराफाचं दुकान, जिथे ओट्यावर बसू देत नाहीत.
आधी मुंग्या, मग बधिरपणा,
मग नुसते दोन खुंटे.
वाकलं की बरं वाटतं.
एकदा कुणाची तरी रिकामी हातगाडी ढकलत
वाकून, न थांबता, थेट शहीद चौक गाठला;
गाडीवाला मागून बोंबलत आला.

धंतोलीत डॉक्टर किंमतकरांनी फिल्म उजेडाला धरली.
कंबरेतली वाट अरुंद झालीय.
नसा अशा दाटल्यात,
मला तर मारबतीच्या दिवशीचा इतवारीचा बोळ दिसला.
वाट मी मोकळी करून देतो, ते म्हणाले, दोन तासांचं काम.
पण हे बघा.
आणि पेन टेकवला मणक्याशेजारच्या मांसावर.
काळ्यात पांढऱ्या रेघा,
धुऊन धुऊन विरलेल्या पातळासारख्या.
चाळीस वर्षं मागावर बसलेल्या फागोजी निमजेंना
ते समजावून सांगावं लागलं नाही.
"ताणाच गेला म्हना ना," बाबा म्हणाले.

मग हातात एक लोखंडी मूठ. दाबा.
काटा एकोणीस किलोवर थांबला.
अठ्ठावीस तरी हवेत.
हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठा.
बावीस सेकंद, आणि शेवटच्या वेळी माझ्या खांद्याकडे नजर.
वाट मोकळी केली, डॉक्टर म्हणाले,
तरी तिच्यावरून चालणार कोण?
तीन महिने जेवा. उठा, बसा. मग या.
"मनका उघडाले मांसाची परवानगी लागते काय?"
लागते, डॉक्टर म्हणाले. हसले नाहीत.

आमचं घर सावजी.
रस्सा असा की पाहुणे पदराने नाक पुसत जेवायचे.
आई गेली आणि बाबा वरण-भातावर आले,
तोही चिमणीचा घास.
आता सकाळी दोन अंडी, दुपारी दही, रात्री पाटवडी.
"हे जेवन नोहे, डोज आहे."
पण ताट पुसून ठेवतात.

नवतपात, कूलरचं पाणी संपलेलं,
मोमिनपुऱ्याची जुवेरिया येते व्यायाम घ्यायला.
तिचे आजोबाही मागावर बसायचे.
ती एक-दोन-तीन म्हणत नाही.
पावडी दाबा, म्हणते. सोडा. दाबा.
आणि बाबांची मांडी, जी आता माझ्या मनगटाहून
फार जाड नाही असं मला वाटतं,
(खोटं आहे, पण तसं वाटतं)
थरथरते, आणि दाबते.

एक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही.
पाच वर्षं मी म्हणत आले: बसा बाबा, मी करते.
पिशवी माझ्याकडे द्या.
झाकण मी उघडते.
बादली राहू द्या.
शेजारणी म्हणायच्या, पोरगी असावी तर अशी.
फिल्मवरच्या त्या पांढऱ्या रेघांतल्या
काही माझ्या आहेत.

पोळ्याच्या पाडव्याला काटा तेवीसवर.
ऑपरेशनची तारीख अजून नाही.
बाबा म्हणाले, मारबत उभ्यानं पाहीन.
पिवळी आली, गुलाल, ढोल, गल्लीभर आरोळ्या:
रोगराई घेऊन जा गे मारबत!
बाबा ओरडले नाहीत.
खांबाला हात न लावता उभे होते.
मी घड्याळ पाहत होते, तिला नाही.
सहा मिनिटं.
मग सराफाच्या ओट्यावर बसले;
सणाचा दिवस, कुणी उठवलं नाही.

कुणीतरी पाण्याची बाटली दिली.
माझा हात पुढे गेला,
मी तो मागे घेतला.
झाकण घट्ट होतं.
बाबांनी पिळलं, घसरलं,
धोतराच्या सोग्यात धरून पुन्हा पिळलं.
मिरवणूक पार पुढे निघून गेली.
मी तशीच उभी, तहानलेली.